मोराग राहिली कुठे?

बुकित पंजांगच्या एलआरटी ट्रेनमध्ये समोर एक मराठी जोडपं बसलं होतं. काका मोबाइलवरून काकूंची स्कॉटलंडच्या गेलिक भाषेची परीक्षा घेत होते.

"मोराग सुट्टीला बोटीने बेटावर गेली. तिथे राहिली कुठे?"

"बहिणीकडे."

"चूक. हॉटेलात."

"अहो, बहीण त्याच गावात राहते, असं वर लिहिलंय!"

"तरी हॉटेलात राहिली, असंही लिहिलंय. सरला, उताऱ्यात आहे तेवढंच सांगायचं."

"द्या इकडे, पुन्हा वाचते."

"कशाला एवढा हट्ट? आपल्या अमेयच्या सासूबाईंना इंग्रजी येतं. आणि स्कॉटलंडला त्याने आपल्यालाही हॉटेलच बुक केलंय."

"म्हणून तर शिकतेय. पोचल्या पोचल्या विहीणबाईंना त्यांच्याच भाषेत विचारणार, तुमच्याकडे खाली दोन गाद्या पडतील ना?"