न्हाणीघराच्या दारासंबंधी

— तर, विषय : न्हाणीघराची दुरुस्ती. संदर्भ : मुलीचा कालचा फोन. हसू नका मिस्त्री, जन्म कारकुनीत गेला; संदर्भाशिवाय मला शिंकसुद्धा येत नाही. मुलीचं म्हणणं असं, की बाबा, एकतर न्हाणीघर नीट करून घ्या, नाहीतर घर विका आणि माझ्याकडे या. तिच्याकडे माझी सोय म्हणजे नातवाच्या खोलीत, दोन मजली पलंगावर, खालचा मजला. त्यापेक्षा तुमच्या टाइल्स परवडल्या.

टाइल्स खडबडीत हव्यात. या आत्ताच्या टाइल्स बायकोने पसंत केलेल्या — आरशासारख्या. पसंती तिची चांगलीच होती, एक माझा अपवाद सोडला तर. धरायचा दांडा इथे — नाही, खाली. आणखी खाली. हो, इतका. उभ्या माणसाला कशाला हवा दांडा? तो उभाच असतो. पडलेल्या माणसाकडे मात्र दांडा वरून नुसता बघत बसतो. कडीचंही तेच, हात पोचत नाही — म्हणजे, पोचणार नाही. एखादा पडला तर.

बरं, पडलो होतो. मागच्या महिन्यात. मोडलं काही नाही, फक्त उठता येईना. आणि आतून कडी. आता घरात एकटा माणूस, कडी कोणासाठी लावतो? — लाज, दुसरं काय! लाजायला कोणी उरलं नाही, लाज तेवढी उरली. हाक मारली ना, मारली तर! 'अगं, ऐकलंस का' — 'ऐकलंस का' — घसा बसेपर्यंत. मग लक्षात आलं, तिला जाऊन चौथं वर्ष चालू आहे. तशी हयातीत तरी पहिल्या हाकेला कुठे यायची! बाहेर फोन वाजत होता, थांबला, पुन्हा वाजला. मुलगीच. शेवटी बादली पालथी घातली, तिच्यावर रेलून कडी काढली, आणि मुलीला सांगितलं, फिरायला गेलो होतो. — ती काम बघायला आली तर तुम्ही फक्त टाइल्सबद्दल बोलायचं, काय?

तर आता बाहेरून किल्लीने उघडेल अशी कडी बसवा. मुलीची अट आहे. आणि किल्ली कोणाकडे राहील त्याचं नाव तिला कळवायचं, नाव नसेल तर घर विकायचं — मेख आहे ती इथे. वरच्या मजल्यावर एक गृहस्थ आहेत, पण ते जिना उतरून येईपर्यंत मी उठून त्यांच्यासाठी चहा टाकलेला असेल. शेजारच्या दाराला कायमचं कुलूप. ऑफिसातले जे उरलेत, ते स्वतःच किल्ली द्यायला माणूस शोधताहेत.

तुम्ही कुठे राहता? — पुलापलीकडे? मग जवळच की! नाही, मी काय म्हणतो — रोज सकाळी आंघोळ झाली की मी तुम्हाला एक मिस्ड कॉल देईन. उचलायचा नाही, बोलायचं नाही. नाही आला, तर मात्र यायचं. एवढंच. एक किल्ली पुढच्या दाराची, एक याची —

नाही नाही, विचार करून सांगा. घाई कसली? ती भिंत मोजून झाली मिस्त्री, आत्ताच मोजलीत तुम्ही. ठेवा ती टेप. या आता. मुलीला आज कळवतो — टाइल्स ठरल्या, दांडा ठरला. किल्लीबाबतचा अर्ज मिस्त्रींकडे विचाराधीन आहे.