घरात आजारी कोणीच नाही

...नाही हो दीदी, जुलाब-उलट्या आमच्याकडे कोणालाच नाहीत, लिहून टाका. पाणी शुद्ध करायच्या गोळ्या द्या आणि पुढच्या घरी जा. नाल्याचं पाणी? शिरलं होतं ना, पलंग बुडाला — पण ओट्यावर नाही चढलं, मतलब स्वयंपाकघर वाचलंच म्हणायचं. ओआरएसची पाकिटं पण द्या, दोन — चारच द्या, घरात असावीत. — आई गं! — काही नाही, आत बादली पडली. मांजर असेल. मी अशीच दचकते, कॉलेजात घंटा झाली की हातातलं पेन पडायचं.

आई ना? आई महूला गेलीय, मावशीकडे. डबे मीच करतेय, सांवेर रोडच्या फॅक्टरीतल्या मुलांचे. सुजयभिया येईलच न्यायला. बंद कसे ठेवणार? मागच्या पुरानंतर प्रमोदिनीकाकूंच्या दारावर तुमच्याच लोकांनी आजारी घराचा पिवळा कागद चिकटवला — काकू बऱ्या झाल्या, पण त्यांच्या डब्यांचं गिऱ्हाईक परत नाही आलं. आमचं घर डब्यांवरच चालतं, दीदी.

पाणी उकळते की. प्यायचं. कणकेचं कशाला, पोळी भाजतोच ना आपण? काकडी मात्र नळाखाली धुतली — नळाला जरा गटारासारखा वास येतोय, पण वास काय, पुरानंतर सगळ्यालाच येतो. आणि हात साबणानं धुते हं मी, आईचं चादर-बिदर आवरलं की आधी साबण, मगच कणीक — चादर म्हणजे, ती महूला जायच्या आधीची.

असं बघू नका ना. — मांजर नाहीये ते. कालपासून तिच्या पोटात घोटभर पाणी टिकत नाही. डोळे आत गेलेत. पहाटे मला म्हणाली, तुम्ही कोण, बाई? मी म्हटलं शमिका. तर म्हणाली, छान नाव आहे. — हो, पडद्याच्या मागे. जा ना आत, जा. मी येतेच, हॉर्न वाजतोय. —

सुजयभिया, आज डबे नाहीत. — हे? हो, भरलेत सगळे. पण द्यायचे नाहीत. — उद्याचं मला विचारू नकोस यार, उद्याचं मला माहीत नाही. हात नको लावूस म्हटलं ना! तू रिकामाच जा.