न फोडलेली पाकिटं

अगं, घटस्फोट होऊन दोन वर्षं झाली तरी आमच्या माजी नवऱ्याची बँकेची पाकिटं माणिकपूरला माझ्याच पत्त्यावर यायची. मी वर ‘इथे राहत नाहीत’ लिहून पोस्टमनला परत द्यायचे. एका रविवारी हा स्वतःच दारात!

“परत कशाला पाठवतेस? ठेवून दे, मी नेत जाईन.”

“बँकेत पत्ता बदल ना! जूचंद्रला फ्लॅट आहे, नवी बायको आहे.”

चपलांकडे बघत म्हणाला, “तिकडे नको. ती सगळी पाकिटं फोडते. तू कधी फोडली नाहीस.”

दहा वर्षं संसार केला, पण त्याच्या तोंडून कौतुक ऐकलं ते हे पहिलंच. मी चहा दिला.

पुढचं पाकीट आलं, तेही मी फोडलं नाही. पत्ता खोडून जूचंद्रचा लिहिला आणि पोस्टमनच्या हातात दिलं.