गळका ट्रकच बरा होता

अहो, गाडी नीट केली म्हणून शिव्या खाल्लेला मिस्त्री पाहिलाय का? तो मी! पंचावन्न-छप्पन सालची गोष्ट. निघोज गावचा कांदा वाहणाऱ्या ट्रकचं इंजिनामागचं, तेल अडवणारं सील गेलं होतं. ट्रक उभा राहील तिथं काळं तेल गळायचं आणि मालक माझ्यावर खेकसायचे. शेवटी गिअरबॉक्स उतरवून नवं सील बसवलं. एक थेंब गळेना! मालकांना घेऊन कांदा भरायला ऐटीत गावात पोचलो. नेहमीसारखे म्हातारे गाडीवान ज्ञानोबा ट्रकखाली डबा सरकवून बसले.

"आज गळंना का रं?"

"नवं सील टाकलंय, बाबा."

"कुनी सांगितलं व्हतं? आमच्या बैलगाड्यांना वंगण तुझा बा देनार व्हय?"

बघता बघता शेतातून कांदा आणून ट्रकमध्ये चढवणारे सगळे गाडीवान जमले. कांद्याच्या गोण्यांना कुणी हात लावेना. मालकांनी मला हळूच बाजूला घेतलं.

"मिस्त्री, ते जुनं सील ठेवलंय ना?"