नऊ नंबरचे स्केट

हॅलो?… हॅलो, कोण?… रागिणी! बोल न बाई, वहिनीच बोलून राहिली मी… दादा नाईत घरी, दूध आणायले गेले. मोबाइल इथीच चार्जिंगले लावून ठेवला… आले का समजन. चप्पल वाजते न यायची जिन्यात, फटक फटक. हजारदा सांगितलं पाय उचलून चाला म्हणून… तू सांग, काय काम होतं?

काय?… स्केट?… अगं बाप्पा, तू बी घेऊन राहिली का?… हो, हो, माहीत आहे मले, तुमच्या अमरावतीच्या बाया रविवारी चाकावरची हॉकी खेळतात… बरं… बरं… अन् तुले दादासारखेच पाहिजे. महागाचे.

नको घेऊ.

अगं ऐक ना… नको म्हणजे नको. आपल्याले कुठी देशाकडून खेळायचं आहे? रविवारचे दोन घंटे. पडायचं, उठायचं, पोहे खाऊन घरी यायचं… हो, सस्त्यात घोटा वाकते, इनायतुल्लाभाई बी तेच म्हणतात. तेच ग, टायरच्या दुकानवाले, यायचे दोस्त. पण त्याईचे सोताचे पाह्य न! जुने, घासलेले, बाळापूरच्या कोण्या पोराजवळून घेतलेले. बेरिंग धुतात, तेल घालतात अन् खेळतात. हसत घरी जातात. अन् आमच्या घरी पाह्य. एवढे भारीचे स्केट, खोका पलंगाखाली.

हो, खोक्यात… चार रविवार झाले. तुह्या दादानं स्केटिंगच्या रिंकवर पाय नाई ठेवला.

विचारलं न! विचारल्याशिवाय राहीन का मी? म्हणे, ‘आज मन नाई.’ बस. एवढंच. मंग बाल्कनीत खुर्ची टाकून बसतात. समोरच्या घराची भिंत पाहतात.

रागिणी, मले भीती वाटून राहिली.

तुले आठवते न, कापसाचं जिनिंग बंद पडून यायची नोकरी गेली तवा?… हो, सहा महिने. माणूस घरात होता अन् नव्हता. भाजीत मीठ बरोबर आहे का विचारलं तरी मान हलवत. मी टीव्ही चालू ठेवो, घरात कोणाचा तरी आवाज असावा म्हणून… मंग इनायतुल्लाभाईनं हाताले धरून नेलं रिंकवर. क्लबचे जुने स्केट घातले अन् पयल्याच दिवशी आपटले. कोपर सोलून आले. अन् आल्या आल्या, रागिणी, अर्धा घंटा बोलले! कोण कसा पडला, गोल कसा हुकला. मी पोळी लाटायची सोडून ऐकत बसली. पोळी जळली तव्यावर.

तवाच ठरवलं मी, का यायले चांगले घेऊन द्यायचे. सोताचे. शिवणाचे पैसे जमवले होते न मी थोडे.

नाई, यायले काहून विचारू? सांगून मजा काय राहते?… दुकानवाला फोनवर म्हणे, ‘ताई, हॉकीचे स्केट बुटापेक्षा एक नंबर लहान घ्या, पाय आवळून बसला पाहिजे.’ म्हटलं, वा रे वा! पैसे पूर्ण अन् बूट लहान? आमच्या घरी सगळं एक नंबर मोठंच घेतात. माही आई तेच करे, तुही आई तेच करे. मागून बोट गेलं पाहिजे. यायची चप्पल आठची आणते मी, म्हणून नऊचे सांगितले.

मंग दसऱ्याले पाटावर ठेवले. स्कूटीले हार, शिवणमशीनले हार, तसा स्केटले बी हार. तेलात कुंकू कालवून पांढऱ्या बुटावर मोठं स्वस्तिक काढलं… हस तू, हस. शेजारच्या माणिकबाई, केशवराव, सगळे आले होते पाहायले. सगळ्याईसमोर यायनं पाय घातला. मी विचारलं, बरोबर आहेत न? म्हणे, बरोबर आहेत.

असेच म्हणले, खाली पाहून… बरोबर आहेत.

काय?… थांब, थांब. लंगडत?… कवा?… भाऊबीजेले? तुह्या घरी?… घमेल्यात पाय घालून बसले होते? मिठाच्या पाण्यात?… मले काहून नाई सांगितलं कोणी?… नाई, तुह्यावर नाई रागावली. काय म्हणले तुले?… नवी चप्पल चावली?

रागिणी, नवी चप्पल घेतलीच कुठी? तीच जुनी आहे, दोन वर्षांची.

थांब एक मिनिट… हो, हो, आहे मी… फोन पलंगावर ठेवते. खोका काढते खालून… बोल न, येऊन राहिलं ऐकायले… धूळ तर पाह्य किती बसली… हा उजवा… यात काय घातलं आहे पुढे? बोटाच्या जागी. कापूस आहे. कंपनीनं भरला असन, बूट दबू नये म्हणून…

नाई ग. कंपनीचा नाई. सरकी आहे याच्यात. हिवरखेडहून आणलेला माह्या वातीचा कापूस आहे हा, देवघरातला! संपून राहिला होता पटपट, मी म्हणो उंदीर नेऊन राहिला.

डाव्यात बी आहे… ठासून भरला… अन् मोजे. एकात एक, दोन मोजे. टाचेजवळ… काळं पडलं… रक्त आहे, रागिणी. वाळलेलं.

…आहे. आहे मी फोनवर.

नाई रडून राहिली… बरं, रडून राहिली. मंग काय करू?

वापस कसे देतीन? तेलाचं कुंकू मुरलं न बुटात! घासलं तरी गुलाबी डाग राहते. कोण घेईन वापस?… अन् म्हणूनच नाई बोलले हे. बायकोनं शिवण करून आणलेली वस्तू, पाटावर ठेवलेली, शेजारी उभे. ‘बरोबर आहेत न?’ असं विचारलं मी. नाई म्हणायची सोय ठेवली होती का मी? मोठ्या बुटात घोटा हलते, टाच सोलते. घालून खेळता येत नाई. अन् क्लबचे जुने घालून खेळले तर मले समजन. म्हणून जाणंच बंद केलं. मी म्हणत होती, मन उडालं यायचं. मन नव्हतं उडालं ग.

हो… हो… ऐक, तुहं राहूनच गेलं. महागाचे घे, नाईतर मधले घे. रविवारच्या खेळाले मधले पुरतात. पण सोता जाय दुकानात. पाय घालून पाह्य, उभी राह्य, चाल. अन् कोणी ‘बरोबर आहे न’ म्हटलं का लगेच हो म्हणू नको. कोणाच्या तोंडाकडे पाहून तर मुळीच नको.

थांब… चप्पल वाजली. आले.

अहो, दूध ओट्यावर ठेवा… रागिणीचा फोन आहे… काही नाई झालं. बसा इथी. बसा न!… हो, काढला मी खोका. पाय दाखवा… दाखवा म्हणते न… अहो! नख कवा काळं पडलं हे?… ‘बरोबर आहे’ नका म्हणू. आज ते नका म्हणू मले.

नंबर किती तुमचा?… चपलीचा. खरा सांगा.

…सात?

लग्नानंतर पयली चप्पल मीच आणली होती न तुमाले, आठची. तवा मी विचारलं होतं… तवाबी तुमी बरोबर आहे म्हणले होते.

रागिणी… आहे का तू?… ऐकलं? सात म्हणे. अठरा वर्षं झाले, मी आठची आणून राहिली. अन् रोज म्हणत होती, पाय उचलून चाला, आळशावानी काय ओढता. कसा उचलतीन ग? उचलला का चप्पल खाली पडन न…

काय म्हणता?… नाई, नाई, सांगा तुमी. दूध राहू द्या. पयल्यापासून सांगा, ऐकून राहिली मी…

रागिणी, ठेवते मी. हे बोलून राहिले.