डाव्या खिशातला गूळ

खंडोजीराव : तिथं मागं नको उभी राहू, अंबूताई. ही घोडी, रोहिणी, लाथ मारणाऱ्यातली नाही, पण दोन दिवस तिचं चित्त ठिकाणावर नाही. इकडं पुढं ये, तिला दिसशील अशी.

अंबू : मामा, मी विचारलं त्याचं उत्तर द्या की. सकाळी आमच्या अग्रहारातल्या घरापुढं आणायची, अप्पांना ओट्यावरून दाखवायची, परत न्यायची. एवढंच.

खंडोजीराव : ऐकलं. आधी खरारा होऊ दे. अर्धं अंग घासून सोडलं की दिवसभर भिंतीला पाठ खाजवत बसते.

अंबू : अप्पांचं नुसतं एकच चाललंय. चिन्नाला आण, चिन्नाला आण. आता मेलेला घोडा मी कुठून आणू?

खंडोजीराव : सांग मग त्यांना, मेला म्हणून.

अंबू : अय्यो, कसं सांगू? तुम्ही बघितलंय ना, आई गेल्यावर काय झालं ते. पानावरून तसेच उठायचे. बोलायचं बंद. मी बंगळूरहून फोन केला तर नुसतं हं, हं. नंतर या चिन्नासाठी सकाळी उठून अंघोळ करून बसस्टॉपवर जायला लागले, तेव्हा माणसात आले. आता कंबरेचं हाड मोडलंय, धड उभं राहता येत नाही. अशात हे सांगितलं तर ते अंथरूण धरतील. परत नाही उठणार.

खंडोजीराव : मास्तर दिसतात तितके कच्चे नाहीत.

अंबू : तुमचे ते मास्तर, माझे अप्पा आहेत. मला गमावायचे नाहीत, मामा.

खंडोजीराव : रडू नको. ते स्टूल घे, बस. ... तुला ठाऊक आहे ना, चिन्ना इथं कसा आला? तुझे अप्पा रेसकोर्सच्या जॉकींचे रेशमी सदरे शिवायचे. एकदा माप घ्यायला गेले तर पायानं गेलेला हा घोडा ट्रकात चढवत होते. कुठं नेताय, विचारलं. कुणी तोंडानं सांगेना. मास्तर टेप गळ्यात तशीच घेऊन त्याच्याबरोबर चालत माझ्या पागेत आले. म्हणाले, खंडोजीराव, याला ठेवून घ्या, खाणं माझ्याकडं.

अंबू : आणि घरी आई आठवडाभर बोलली नाही. शिंप्याच्या घरात घोडा कशाला, म्हणून.

खंडोजीराव : एवढ्या वर्षांत एकदा पाठीवर बसले नाहीत. मी म्हटलं, मास्तर, बसा की एकदा, चालवतो हळू. तर म्हणाले, त्याच्या पाठीवर बसणारे पुष्कळ झाले.

अंबू : म्हणून तर म्हणते. प्लीज. रोहिणी त्याच तांबूस रंगाची आहे. अप्पांना मोतीबिंदूमुळं रंग तेवढा कळतो, बाकी सगळं धुरकट.

खंडोजीराव : तो घोडा, ही घोडी.

अंबू : ते कुठं वाकून बघणार आहेत!

खंडोजीराव : हिचा मागचा पाय पांढरा आहे.

अंबू : पट्टी बांधू. नाल ठोकताना लागलं म्हणून सांगू.

खंडोजीराव : तू सगळं ठरवूनच आलीस. हिच्या मालकांना विचारायला हवं. नरसिंहमूर्ती नाही म्हणणार नाहीत, भला माणूस आहे. पण माझं मन होत नाही, ताई. बघ, ही अजून निम्मा दाणा तसाच सोडते. हुरळी, म्हणजे कुळीथ, भिजवून घातली, गाजर चिरून दिलं. वास घेते आणि तोंड फिरवते. सारी वर्षं यांचे खण शेजारी. मधल्या फळीवरून माना टाकून उभे असायचे दोघं.

अंबू : तिला काय कळतं, तो गेला म्हणून?

खंडोजीराव : कळतं म्हणजे? आम्ही दाखवतो ना. आमच्या आजोबांपासूनची रीत आहे ही, ते महाराजांच्या घोडदळात होते तेव्हापासून. पागेत घोडा गेला की खड्ड्याकडं न्यायच्या आधी शेजारच्या खणातल्या जनावराला सोडायचं. त्याला हवा तेवढा वेळ द्यायचा, ओढायचं नाही. नाहीतर ते दिवसरात्र हाका मारत राहतं. आत्ता येईल, आत्ता येईल म्हणून दाराकडं बघत उभं राहतं.

अंबू : हिला सोडलंत?

खंडोजीराव : सोडली. तोंडाला तोंड लावलं, मानेवरून हुंगत पायापर्यंत गेली, परत आली. मग नुसती उभी. पोरं फावडी घेऊन थांबली होती, मी सांगितलं, थांबा. शेवटी तिची तीच वळली आणि खणात गेली. ओरडली नाही.

अंबू : ...मी फोनवर तुम्हाला लवकर उरका म्हटलं होतं.

खंडोजीराव : तुझं काय चुकलं? पोटशूळ होता, वयही झालं होतं. उन्हात ठेवता येत नाही.

अंबू : मग आणता ना उद्या?

खंडोजीराव : आणतो. तू या पागेत फ्रॉक घालून पळायचीस, तुला नाही म्हणवत नाही. पण एक सांगून ठेवतो. पट्टी बांधीन, दारात उभी करीन. खोटं बोलणार नाही. मास्तरांनी तोंडावर विचारलं तर जे आहे ते सांगणार.

अंबू : नाही विचारणार ते. बघून खूश होतील, बस.

(दुसऱ्या दिवशी सकाळी, अग्रहार. अप्पा, म्हणजे रंगराव, ओट्यावर खुर्चीत बसले आहेत, अंगात जुना कोट. खंडोजीराव रोहिणीला घेऊन पायरीशी उभे.)

अंबू : अप्पा, बघा कोण आलंय! मामा पहाटेच निघाले वरुण्याच्या पागेतून, रस्त्याला ऑटो नसताना.

रंगराव : या खंडोजीराव. बसा.

खंडोजीराव : उभाच बरा, मास्तर. हातात दोर आहे.

अंबू : मागच्या पायाला जरा लागलंय त्याला, म्हणून पट्टी आहे हं. बाकी चिन्ना एकदम छान. काल किती उड्या मारल्या!

रंगराव : हौदा? खरंच? उड्या?

अंबू : हो ना, मामा?

खंडोजीराव : थांबा, दोर नीट धरतो जरा.

रंगराव : जवळ आणा त्याला. हात पोचत नाही माझा. अजून. हं, आता ठीक. ये रे. ये... अरे, अरे, हळू. कोट फाडशील.

अंबू : ओळखलं तुम्हाला! बघा, कसा अंगाला येतोय.

रंगराव : ओळखलं तर. थेट डाव्या खिशाला नाक लावलं.

अंबू : गूळ हवा असेल त्याला.

रंगराव : अंबू, चिन्नाचा गूळ उजव्या खिशात असतो.

अंबू : अप्पा...

रंगराव : डावा खिसा शेजारणीचा. एकाला द्यायचं आणि फळीपलीकडून दुसरीनं बघत राहायचं, ते बरं दिसत नाही म्हणून मीच लावलेली सवय. घे गं, रोहिणी. घे. सावकाश. आहे अजून.

अंबू : तसं नाही अप्पा, म्हणजे चिन्नाला आज जरा—

रंगराव : साकु, अंबू. पुरे आता. रोज मी चिन्नाबद्दल विचारायचो तर तू कंटाळायचीस. परवापासून मी न विचारता तूच सांगतेस. खाल्लं, पाणी प्याला, आता तर उड्या मारल्या. तेवीस वर्षांचं जनावर ते, उड्या कशाला मारील? परवाच मला शंका आली होती. म्हणून तर म्हटलं, आणून दाखव. ... खंडोजीराव.

खंडोजीराव : बोला, मास्तर.

रंगराव : गेला?

खंडोजीराव : गेला. परवा, उजाडता उजाडता. पोटात कळ आली. डॉक्टरांनी सुई दिली, मी रात्रभर चालवत होतो त्याला. मग आडवा झाला तो उठला नाही. डोकं माझ्या मांडीवर होतं.

रंगराव : पापा, बिचारा. ... फार त्रास झाला का त्याला?

खंडोजीराव : आधी झाला. शेवटी नाही. शेवटी शांत होता.

रंगराव : आणि हिला? सोडली होती ना हिला त्याच्याजवळ? तुमच्या रीतीप्रमाणं?

खंडोजीराव : सोडली होती. हवा तेवढा वेळ दिला.

रंगराव : बरं केलंत. ... घोडीला दाखवलात. मला नाही दाखवलात.

अंबू : अप्पा, यांचा दोष नाही, मी सांगितलं होतं. मला भीती वाटली. आईनंतर तुम्ही जसे झालात ना, ते परत बघायची ताकद नव्हती माझ्यात. वाटलं, हे कळलं तर तुम्ही पण...

रंगराव : मी पण जाईन?

अंबू : हो.

रंगराव : इकडे ये. बस अशी. डोळे पूस आधी. ... अगं, हाक मारत राहिलो असतो ना मी. तू म्हणशील, बरा आहे, आणि मी रोज या ओट्यावरून रस्त्याकडं बघत बसलो असतो. त्यापेक्षा हे बरं. वाईट वाटतंय, फार वाटतंय. पण कळलं तरी.

अंबू : चुकलं माझं.

रंगराव : माझ्यासाठीच केलंस. कळतंय मला. ... कुठं ठेवलात त्याला, खंडोजीराव?

खंडोजीराव : शेताच्या कडेला, चिंचेखाली. दुपारी सावलीला उभा राहायचा, तिथंच. मीठ घातलं, दगड रचलेत वर.

रंगराव : मला न्याल?

खंडोजीराव : म्हणाल तेव्हा. पोरं खुर्चीसकट उचलून नेतील.

अंबू : आत्ताच जाऊ, अप्पा. डॉक्टरांचं मी बघते. ऑटो आणते कोपऱ्यावरून.

खंडोजीराव : मास्तर, हे बघा तरी. दोन दिवस हिनं काही धड तोंडात घेतलं नव्हतं. तुमच्या हातचं सगळं खाल्लं. तळवा चाटतेय.

रंगराव : हो ना. थांब गं, उजव्या खिशातलाही आहे. त्याचा राहिलेला. घे, तूच घे आता.

अंबू : मी जाते अप्पा, ऑटो बघते.

रंगराव : थांब, अंबू. ऑटो नंतर. आत जा, बादली भरून आण. आधी हिला पाणी दाखव. वरुण्यापासून चालत आली आहे.