विहिरीतले कुंपणाचे खांब

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि आपल्या तालुक्याचे प्रमुख डेल्बर्ट, मंचावर बसलेले तेलक्षेत्राचे व्यवस्थापक श्री. हॅलोरन, आज निवृत्त होणारे सत्कारमूर्ती ओरेस्ट बोयचुक, "मला कशाला वर बसवलंत" असा चेहरा करून त्यांच्या शेजारी बसलेल्या सौ. स्टेफा, आत लोण्यात कांदा परतत असल्यामुळे दिसत नसलेल्या पण ऐकू येणाऱ्या भगिनींनो, आणि एल्मर्टनच्या सज्जनहो,

मी सिग्ने थोर्सन. मला पाच मिनिटं दिली आहेत. डेल्बर्टनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलेलं मला दिसतंय. पण बियाणं, हवामान आणि सून या तीन विषयांवर ते स्वतः किती वेळ बोलतात हे गावाला ठाऊक आहे, तेव्हा थोडं सांभाळून घ्यावं.

ओरेस्ट काय करत होते? माझ्या नातीने परवा विचारलं. मी म्हटलं, ते जमिनीला नळी खुपसून तिचा श्वास मोजतात. सीमेपलीकडच्या डकोटातल्या कोळशाच्या कारखान्यातून एरवी धुराड्यात जाणारा वायू नळाने आपल्याकडे येतो. तो जवळजवळ मैलभर खाली खडकात दाबला की तिथे चिकटून बसलेलं म्हातारं तेल सैल होतं आणि वर येतं. तेलाबरोबर वर येणारा वायू वेगळा करून पुन्हा खाली धाडतात. असा फेऱ्या मारत मारत तो हळूहळू खालीच राहतो. नात म्हणाली, "म्हणजे धूर पुरायचा आणि वर आलेलं तेल जाळून परत धूर करायचा?" मी तिला एक बिस्कीट दिलं. तुमच्याकडे याहून चांगलं उत्तर असेल तर, श्री. हॅलोरन, जेवताना तिच्या शेजारी बसा.

पण पुरलेलं खालीच राहिलं पाहिजे ना? तेच बघायला ओरेस्टची नळी. खडक चांगला आहे, असं सगळे शास्त्रज्ञ सांगून गेले. खडकाबद्दल माझी तक्रार नाहीच. आपण माणसांनी त्याला पाडलेल्या भोकांचं काय? आपल्या बापजाद्यांनी इथे तेलासाठी जागोजाग विहिरी खणल्या. कोरड्या निघाल्या त्या बुजवल्या, नांगर लागू नये इतक्या खोलीवर विहिरीचा लोखंडी नळ कापला आणि वरून गहू पेरला. तशी एक विहीर माझ्या स्वयंपाकघरापासून दोनशे पावलांवर आहे.

दहा वर्षांपूर्वी याच सभागृहात सभा होती. वायू भरायला सुरुवात करायची की नाही, यावर गावाचं मत घ्यायचं होतं. मी विरोधात होते. त्या दिवशी सकाळी ओरेस्ट माझ्या दारात आले. बूट काढून आत आले, टोपी हातात धरली, कॉफी नको म्हणाले. ओरेस्ट कॉफी नको म्हणाले, तेव्हाच मी खुर्ची ओढून बसले.

"सिग्ने, तुझ्या शेतातल्या त्या विहिरीत सिमेंट नाहीये."

"मग काय आहे?"

"कुंपणाचे खांब. वर नावापुरतं दोन हात सिमेंट."

"कुणी घातले?"

"मी. माझ्या या हातांनी." मग टोपीची कड चाचपत म्हणाले, "सांगितलं मुकादमाने. मार्च संपत आला होता, बर्फ वितळायला लागलं होतं. दोन दिवसांत रस्ते जड गाड्यांना बंद होणार, सिमेंटची गाडी अडकलेली. खोदाईचं यंत्र इथे अडकून राहिलं असतं तर जूनपर्यंत सगळी टोळी घरी बसली असती."

मुकादम कोण होता, हे मी विचारलं नाही. त्या वर्षी मी अकरा वर्षांची होते. पश्चिमेच्या कुंपणासाठी आणलेले खांब गोठ्यामागे रचून ठेवले होते. ते एका दुपारी नाहीसे झाले. कुंपण काही झालं नाही, आणि आमच्या गाई उन्हाळाभर शेजाऱ्यांच्या ओटच्या पिकात चरल्या. बाबा म्हणायचे, खांब चोरीला गेले.

ओरेस्ट म्हणाले, "विहिरीचं आज मी सभेत सांगणार. ते लपवून तुझ्या घराखाली वायू भरू देणार नाही. हाल्वरचं नाव घ्यायचं की नाही, ते तू ठरव. बाप तुझा आहे."

मी म्हटलं, "नको."

एवढंच म्हटलं. मग कपबशी धुवायला उठले. वापरलेलीच नव्हती ती.

संध्याकाळी सभेत तेलक्षेत्राच्या साहेबांनी कागद दाखवला: विहीर सिमेंटने बुजवलेली, खाली कधीच बंद पडलेल्या एका कंपनीचा शिक्का. ओरेस्ट उभे राहिले. म्हणाले, "कागद खोटा आहे. आत खांब आहेत. मी घातले." कुणीतरी विचारलं, "हुकूम कुणाचा होता?" म्हणाले, "आठवत नाही."

खांब किती हे आठवत होतं, चौदा. वार आठवत होता, बुधवार. दुपारी डब्यात काय होतं तेही. मी तिसऱ्या रांगेत बसले होते, आणि माझे हात मांडीवर होते.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, कारण तुम्हीच ते केलंत. विहीर उकरली, चौदा खांब निघाले. त्या हंगामात बुजवलेल्या आणखी नऊ तपासल्या, तीन पुन्हा बुजवाव्या लागल्या. वायू भरण्याआधी हे झालं म्हणून आज आपण इथे निवांत बसलो आहोत. आणि ओरेस्टना काय मिळालं? कॉफीच्या दुकानात वर्षभर त्यांच्या टेबलावर कुणी बसलं नाही. "काय ओरेस्ट, विहिरीला कुंपण बाहेरून घालतात रे, आतून नाही!" हा विनोद कितीदा झाला? तेव्हा मीही हसले होते. हे सांगताना आज मला लाज वाटते.

त्यानंतर दर वसंतात आणि दर शरदात ते माझ्या अंगणात नळी रोवायला आले. आकडा कागदावर लिहून गेले असते तरी चाललं असतं. पण प्रत्येक वेळी दार वाजवून सांगायचे, "सिग्ने, माती गेल्या वर्षीसारखीच आहे. निश्चिंत झोप." बाबांचा विषय त्यांनी एकदाही काढला नाही.

तो आज मी काढते. तो मुकादम हाल्वर थोर्सन होता, माझे बाबा. शेजारच्या कर्लिंगच्या, त्या बर्फावर दगड सरकवायच्या खेळाच्या, मैदानावर ज्यांच्या नावाची पाटी आहे, तेच. ते वाईट नव्हते. टोळीतल्या सहा घरांची चूल त्यांना दिसत होती. ज्या भोकातून फक्त काढायचं होतं, त्यात पुढे कुणी भरायला येईल हे त्यांना कुठून सुचणार? पण हुकूम त्यांचा होता. पाटी काढायची की ठेवायची, ते गावाने ठरवावं. मी या वेळी "नको" म्हणणार नाही.

ओरेस्ट, मान वर करा. स्टेफा, त्यांना रुमाल द्या.

पुढच्या वसंतात नळी घेऊन नवा माणूस येईल. त्याला कॉफी देईन, आणि आकडा ऐकण्याआधी ही गोष्ट नावानिशी सांगेन.

मला बोलायला दिलंत, अध्यक्ष महाराज, आणि घड्याळाकडे बघायचं मधेच थांबवलंत, याबद्दल आपली आभारी आहे. आतल्या भगिनींचेही आभार. कांदा बहुतेक करपला असेल, तो माझ्यामुळे. बोलण्यात काही मागेपुढे झालं असेल, तर आपण सर्वांनी मोठ्या मनाने सांभाळून घ्यावं. माझी गप्प बसण्याची ती दहा वर्षं मात्र कुणी सांभाळून घेऊ नका. ती ओरेस्टनी एकट्याने पुष्कळ सांभाळली.